लेकरू हा नैवेद्य नव्हे



गळा गेल्यापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही. सप्ताहात मागे खांबाला टेकून बसतो आणि ऐकतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोकांनी माझे ऐकले, आता आपण ऐकावे, हा हिशेब बरोबरच आहे. परवा अशाच एका सप्ताहात एका तरुण बुवांचे कीर्तन ऐकले. आवाज गोड, पाठांतर चोख, मृदंगाची साथ उत्तम. निरूपणाच्या ओघात त्यांनी श्रियाळ-चांगुणेचा दृष्टांत घेतला आणि पाऊण तास तोच चालवला. चिलया बाळाला कापले, शिजवले, मस्तक उखळात घालून कांडले, आई कांडताना गात होती, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचे नव्हते. मंडपात बायका हुंदके देत होत्या. शेवटी बाळ धावत आले, टाळ वाजले, जयघोष झाला आणि बुवा म्हणाले, ज्याची श्रद्धा पूर्ण असते त्याचे लेकरू देव परत देतो.

एवढ्यावर ते थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण पुढे त्यांनी बकरी ईदवर कोटी केली. ज्यांच्या देवाने बापाला पोराच्या गळ्यावर सुरी धरायला सांगितले त्यांच्याकडून दयेची काय अपेक्षा करायची, अशा अर्थाचे ते काही बोलले. लोक हसले. मी मनात म्हटले, बुवा, आत्ता पाऊण तास तुम्ही काय सांगत होता? तिकडे सुरी थांबली. तुमच्या दृष्टांतात ती चालली, आणि वर स्वयंपाक झाला.

हा लेख त्या बुवांना उद्देशून नाही. त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण त्यांचा दोष तो माझाही दोष आहे. तो दृष्टांत मी स्वतः शंभरदा सांगितला आहे. आज जे लिहितो आहे ते आपल्या सगळ्या कीर्तनकार मंडळींना आणि त्यांचे ऐकणाऱ्या मायबापांना उद्देशून आहे.

मी तो दृष्टांत सोडला त्याचे कारण सांगतो. बरीच वर्षे झाली. एका गावी सप्ताहात मी हेच आख्यान रंगवले होते. कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला आले, त्यांत एक बाई होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा त्याच पावसाळ्यात साप चावून गेला होता. ती पाया पडली आणि म्हणाली, "बुवा, चांगुणेनं हाक मारली अन् लेकरू आलं. म्या बी हाक मारली हुती. लई मारली. माझ्या हाकंत काय कमी हुतं?"

मी प्रारब्ध, कर्म, ईश्वरेच्छा असे काहीतरी बोललो. तिने मान डोलावली आणि गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिला काय सांगितले होते? तिचे लेकरू गेले ते गेलेच, वर तिची श्रद्धा उणी होती असा ठपका मी टाळ-मृदंगाच्या साथीने तिच्यावर ठेवला होता. तेव्हापासून या कथेचा मी शोध घेतला. आपल्या पोथ्या पुन्हा वाचल्या आणि इतर धर्मांतल्या जाणत्यांनाही विचारले. जे हाती आले ते मांडतो.

आधी आपल्या घरातले पाहू. श्रियाळाची कथा श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतात आहे. हा ग्रंथ शके १६४० मध्ये बारामतीस पूर्ण झाला. पण कथा त्याहून पुष्कळ जुनी. तमिळ देशात बाराव्या शतकातल्या पेरियपुराणात ती सिरुत्तोंडर नावाच्या शिवभक्ताची म्हणून येते. तो आधी पल्लव राजाचा सेनापती होता आणि वातापीच्या, म्हणजे आजच्या बदामीच्या, स्वारीत लढला होता, असे ते पुराण सांगते. तिथे मुलाचे नाव सिराळर. आंध्र-कर्नाटकातल्या वीरशैवांनी ती सिरियाळाची म्हणून सांगितली. तिथून ती आपल्याकडे आली आणि जात्यावर, पोथीत, कीर्तनात रुळली. म्हणजे ही कथा उग्र शिवभक्तीच्या परंपरेत जन्मली. त्या परंपरेला मी नावे ठेवत नाही. पण ज्या देवाला तुळस आणि बुक्का पुरतो, ज्याच्या माळकऱ्याला मांस वर्ज्य आहे, त्याच्या पुढ्यात उभे राहून नरमांसाच्या स्वयंपाकाचे रसभरित वर्णन करताना आपली जीभ अडखळत कशी नाही, हा माझा पहिला प्रश्न.

याहून जुनी एक कथा वेदात आहे आणि ती आपल्या कीर्तनात कधी येत नाही. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत शुनःशेपाचे आख्यान आहे. हरिश्चंद्र राजाला मूल नव्हते. त्याने वरुणाला नवस केला की, मुलगा झाला तर त्यानेच तुझे यजन करीन. रोहित झाला. मग राजा चालढकल करू लागला. दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरण्याजोगा होऊ दे. बाप लेकरासाठी देवाला चुकवतो आहे, आणि वेद ते लपवत नाही. रोहित मोठा झाला, त्याला कळले, तो रानात निघून गेला. राजाला जलोदर झाला. शेवटी रोहिताने अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाकडून त्याचा मधला मुलगा शंभर गाईंना विकत घेतला. थोरला बापाला हवा होता, धाकटा आईला. मधला कोणाचाच नव्हता. यूपाला बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर गाईंवर बापानेच त्याला बांधले. मारायलाही कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर गाईंवर बापच शस्त्र पाजळून पुढे आला. पोराने एकेका देवाला आळवले आणि उषेची स्तुती करता करता त्याचे पाश गळून पडले.

पुढचा भाग फार महत्त्वाचा आहे. अजीगर्त म्हणाला, माझा मुलगा मला परत द्या. शुनःशेपाने साफ नाकारले. तुझ्या हातात शस्त्र पाहिले आहे, असे तो बापाला म्हणतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. विश्वामित्राने त्याला थोरला पुत्र मानला. हे आख्यान राजसूय यज्ञात राजाला ऐकवायचे, आणि ज्यांना पुत्र हवा त्यांनीही ऐकावे, असे ब्राह्मणग्रंथच सांगतो. मला यातला भाव असा दिसतो की, ज्याला लेकरू हवे त्याने आधी समजून घ्यावे की लेकरू ही देवाणघेवाणीची वस्तू नव्हे. जो बाप तसे समजला त्याचे बापपण संपले.

आता इतरांच्या घरात जाऊ. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात, उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात, अब्राहामाची कथा आहे. देवाने त्याला सांगितले, तुझा लाडका मुलगा इसहाक याला घेऊन मोरिया देशात जा आणि मी दाखवीन त्या डोंगरावर त्याचे होमार्पण कर. तो गेला, मुलाला बांधले, सुरी उचलली, तोच दूताने हाक मारून थांबवले. झुडपात शिंगे अडकलेला एक मेंढा होता, तो अर्पण झाला. आपल्या कोकणातले बेने इस्रायल मराठीच बोलतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तने रचली आणि उभे राहून केली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अलिबागकडच्या त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला या कथेविषयी जे सांगितले, त्याने माझे डोळे उघडले.

पहिली गोष्ट म्हणजे ते या कथेला 'बळी' म्हणत नाहीत. 'अकेदा' म्हणतात, म्हणजे बांधणे. जे घडलेच नाही त्याचे नाव कथेला कसे द्यायचे? नववर्षाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ते हा अध्याय सभास्थानात वाचतात आणि मेंढ्याचे शिंग फुंकतात. अकराव्या शतकातले त्यांचे भाष्यकार राशी म्हणतात की, देवाने 'त्याला काप' असे म्हटलेच नव्हते, 'वर घेऊन ये' असे म्हटले होते. वर आणल्यावर 'आता खाली ने' म्हणाला. भाष्यकार किती धडपडतो आहे पाहा. देवाच्या तोंडी ते वाक्य राहू नये म्हणून त्याने शब्द न् शब्द उसवला आहे. शिवाय पुढच्याच अध्यायाच्या आरंभी इसहाकाची आई सारा मरण पावते, हे त्यांच्या जुन्या कथाकारांच्या नजरेतून सुटले नाही. डोंगरावर काय चालले होते हे कानी पडताच तिचा प्राण गेला, असे ते सांगतात. ग्रंथात आईला एक शब्द नव्हता, तो टीकाकारांनी तिला दिला.

आणि कथा उदाहरण म्हणून घेतली तर काय होते, हेही त्यांनी भोगले आहे. इ. स. १०९६ साली क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्या ऱ्हाईन नदीकाठच्या गावांवर चालून आल्या. धर्म सोडा नाहीतर मरा, असा प्रसंग होता. माइंझ शहरात कित्येक यहुदी आईबापांनी आपली लेकरे स्वतःच्या हातांनी मारली आणि मग स्वतः मेले. त्यांच्या बखरकारांनी आणि कवींनी त्या प्रसंगी अब्राहामाची आठवण काढली. तिथे कोणताही दूत हात धरायला आला नाही. हे वाचले तेव्हा मी पोथी मिटून बराच वेळ बसून राहिलो.

ख्रिस्ती लोकांनी कथा वेगळी वाचली. त्यांच्या नव्या करारातले इब्रींस पत्र म्हणते की, देव मेलेल्यालाही उठवू शकतो असा अब्राहामाचा भरवसा होता. इसहाक आपल्या होमाची लाकडे स्वतः वाहून नेतो, त्यात त्यांना क्रूस वाहणारा येशू दिसतो. म्हणजे त्यांच्या मते देवाने माणसाचा मुलगा घेतला नाही, स्वतःचा दिला. पण त्यांच्यातही सर्वांचे एकमत नाही. माझ्या दिंडीत तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक चालत असत. त्यांनी सांगितले की, कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९८ साली लिहिले, अब्राहामाने त्या आवाजाला असे उत्तर द्यायला हवे होते की, मुलाला मारू नये हे मला निश्चित ठाऊक आहे, पण तू देव आहेस हे निश्चित नाही. उलट १८४३ साली किर्केगार्द नावाच्या डेन्मार्कच्या लेखकाने अब्राहामाच्या श्रद्धेवर एक पुस्तकच लिहिले. ती श्रद्धा तो थोर मानतो, पण भीतीने कापत मानतो. आपल्यासारखा टाळ वाजवत नाही.

मुसलमानांच्या कुराणात ही कथा ३७ व्या सूऱ्यात आहे. तिथे इब्राहीमला स्वप्न पडते आणि तो ते मुलाला सांगून विचारतो, तुझे काय मत आहे? मुलगा होकार देतो. मुलाचे नाव तिथे दिलेले नाही. तो इसहाक की इस्माईल यावर जुन्या भाष्यकारांत मतभेद होते, पुढे इस्माईल हे मत रूढ झाले. इब्न अरबी नावाच्या सूफी आचार्याने तर असे म्हटले की, स्वप्नाचा अर्थ लावायचा असतो, तो न लावता इब्राहीमने ते जसेच्या तसे घेतले. आणि कुर्बानीविषयी कुराणाच्या २२ व्या सूऱ्यात स्पष्ट सांगितले आहे की, मांस आणि रक्त देवापर्यंत पोहोचत नाही, तुमची धर्मनिष्ठा पोहोचते. ज्या बुवांनी मंडपात कोटी केली त्यांनी हे ऐकले असते तर त्यांची जीभ आवरली असती, असे मला वाटते.

या सगळ्यातून मला काय दिसले? प्रत्येक धर्माच्या पोटात अशी एक अवघड कथा आहे, आणि प्रत्येक धर्मातले जाणते शतकानुशतके तिच्याशी झगडले आहेत. कोणी देवाचा शब्द उसवला, कोणी आईला वाचा दिली, कोणी मुलाची संमती विचारली, कोणी स्वप्नाचा अर्थ लावला. कथा कोणी फेकली नाही, पण गिळलीही नाही. मग आपणच का गिळतो?

इथे पूर्वपक्ष उभा राहील. कोणी म्हणेल, "बुवा, मग काय शिवलीलामृताचा तो अध्याय फाडून टाकायचा?" मुळीच नाही. पोथी आहे तशी राहू द्या. आपल्या मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद यांचा भेद फार पूर्वी करून ठेवला आहे. विधी म्हणजे 'असे करावे' ही आज्ञा. अर्थवाद म्हणजे स्तुतीसाठी किंवा निंदेसाठी आलेली कथा. तिच्यातून आज्ञा काढायची नसते. श्रियाळाची कथा अतिथीधर्माची स्तुती करणारा अर्थवाद आहे. ती सांगणारा तिचा विधी करू लागला की घात होतो. महाराष्ट्रात नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

दुसरा म्हणेल, "भक्तीत सर्वस्व अर्पण करायचे नाही का?" करायचे. पण जे आपले आहे ते. आपण तन-मन-धन म्हणतो. त्या तिन्हींत लेकरू कुठे बसते? त्याचे तन त्याचे आहे, मन त्याचे आहे, आणि ते आपले धन नव्हे. लेकराला धन समजणारा अजीगर्त होता, आणि त्याचे काय झाले ते वर आलेच आहे.

तिसरा म्हणेल, "आपल्या गोरोबाकाकांचेही आख्यान तसेच ना?" तसे नाही. तेरच्या गोरोबांकडे देवाने लेकरू मागितले नव्हते. नामाच्या तंद्रीत पायांखाली चिखलात ते तुडवले गेले, हा अपघात होता. संतीचा आक्रोश त्या आख्यानातून कोणी गाळलेला नाही. महिपतीबुवांनीही नाही. आणि तिथे देव पाहुणा होऊन जेवायला बसत नाही, कुंभाराच्या घरी राबायला येतो.

आता मुद्द्याचे सांगतो. श्रद्धा पूर्ण असेल तर लेकरू परत येते, हे वाक्य आपल्या संप्रदायाच्या तोंडी शोभत नाही, कारण आपल्याच संतांच्या घरी ते खोटे ठरले आहे. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा संतू गेला. तो परत आला नाही. तुकोबांची श्रद्धा उणी होती असे म्हणायची कोणाची छाती आहे? आळंदीला विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना धर्मशास्त्राच्या नावाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. त्यांनी देह टाकला, चार लेकरे पोरकी झाली. तो प्रसंग सांगताना शास्त्राचा विजय झाला म्हणून टाळ वाजवणारा वारकरी मी अजून पाहिलेला नाही. तिथे आपण रडतो आणि त्या निवाड्याची लाज बाळगतो. म्हणजे अवघड प्रसंग कसा सांगायचा हे आपल्याला येते. मग चिलयाच्या वेळी ते का विसरतो?

आणि आपला देव कोणता? पुंडलिक आईबापांची सेवा करत होता. देव दारात आला. पुंडलिकाने मागे वळून न पाहता वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला आणि अजून थांबलेला आहे. तो आत येऊन म्हणाला नाही की, माझ्यापेक्षा आईबाप मोठे कसे? लेकराने आईबापांसाठी देवाला थांबवले, आणि देवाला ते आवडले. हे आपल्या संप्रदायाचे पहिले पान आहे. श्रियाळाच्या दारातला तो भुकेला पाहुणा आणि पंढरीचा हा विटेवरचा पाहुणा, या दोघांत आपण कोणाचे वारकरी, हे प्रत्येक कीर्तनकाराने उभे राहण्यापूर्वी स्वतःला विचारावे.

तेव्हा माझी तरुण कीर्तनकारांना तीन मागणी आहेत. चिलयाचे आख्यान सांगायचेच असेल तर चांगुणेचे दुःख सांगा, उखळाचे वर्णन आवरा. श्रद्धेने लेकरू परत येते हे वाक्य कधीही उच्चारू नका. मंडपात लेकरू गमावलेली एखादी तरी माउली असतेच, आणि ती तुमच्याकडे बघत असते. तिसरे म्हणजे, दुसऱ्याच्या कथेला हसू नका. त्यांची अवघड कथा आपल्या अवघड कथेची सख्खी बहीण आहे.

त्या सर्पदंशाच्या बाईंना मी पुन्हा भेटायला गेलो होतो, पण त्या गाव सोडून गेल्या होत्या. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज इथे लिहितो. माउली, तुमच्या हाकेत काही कमी नव्हते. उणे होते ते माझ्या कीर्तनात. क्षमा करा.

रामकृष्णहरी.